जुन्या रेडिएटरला रंगाचा हात

न्यूयॉर्कमधलं क्वीन्स, जर्सी सिटी किंवा बॉस्टनच्या आसपासची गावं. इथल्या दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या इमारतीत घर मिळालं, की खिडकीखाली रेडिएटर ठाण मांडून बसलेला असतोच. बिडाचा, पायांवर उभा, अंगावर वेलबुट्टी आणि त्या वेलबुट्टीवर अनेक दशकांत चढलेले रंगाचे थर. कुठे पोपडे सुटलेले, वरच्या कडेला गंजाची रेघ, आणि सगळ्यात वरचा थर बहुतेक वेळा चंदेरी. आपली मंडळी त्यावर मोजे वाळवतात, शेजारी इडलीचं पीठ आंबायला ठेवतात आणि एखाद्या शनिवारी म्हणतात, याला जरा रंग मारून टाकू.

रंग घरच्या घरी मारता येतो आणि चांगला येतो. मात्र या कामात ब्रश चालवणं सगळ्यात सोपं असतं. खरी मेहनत त्याआधीची आहे. त्या मेहनतीबद्दल माझं ठाम मत असं, की जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे त्याला हात लावू नये. पार लोखंड दिसेपर्यंत खरवडून काढायची हौस या वस्तूच्या बाबतीत महागात पडते. त्याचं कारण आहे शिसं.

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर देशभर बंदी आली ती १९७८ मध्ये. न्यूयॉर्क शहराने ती १९६० मध्येच घातली होती. म्हणजे घर त्याआधीचं असेल तर रेडिएटरवरच्या कुठल्या ना कुठल्या थरात शिसं आहे असंच धरून चालावं, आणि चाचणीने उलट सिद्ध झालं तर आनंद मानावा. हार्डवेअरच्या दुकानात शिसं तपासायचा संच मिळतो, पण तो वापरताना बहुतेक जण वरच्या थरावरच बोळा घासतात आणि निर्धास्त होतात. वरचा थर पाच-दहा वर्षांपूर्वीचा असतो, त्यात शिसं नसणारच. तेव्हा मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, धारदार पात्याने तिरका काप घ्या. पांढरा, मग चंदेरी, मग पिस्त्यासारखा हिरवा, मग पुन्हा पिवळट पांढरा असे थर एकाखाली एक उघडे पडतील आणि तळाशी काळपट बीड दिसेल. त्या कापावर, सगळे थर भिजतील असा, बोळा फिरवायचा. याहून खात्री हवी असेल तर सगळ्या थरांसकट एक पोपडा पिशवीत बंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावा.

शिसं निघालं म्हणजे घर सोडून पळायचं असं नाही. घट्ट बसलेल्या थरातलं शिसं तिथेच असतं. त्रास होतो तो धुळीचा. म्हणून कोरडा पॉलिश पेपर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश आणि ग्राइंडर ही तिन्ही अवजारं या कामातून बाद. हीट गनही नको. बीड उष्णता शोषून घेतं, त्यामुळे रंग लवकर सुटत नाही. मग माणूस गनचं तापमान वाढवत नेतो आणि एका टप्प्याला शिशाची वाफच हवेत यायला लागते. ११०० अंश फॅरनहाइट किंवा त्यापुढच्या हीट गनला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या नियमांत कंत्राटदारांनाही बंदी आहे.

घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर खरवडायच्या दिवशी त्यांना मित्राकडे, मावशीकडे, कुठेही पाठवा. संध्याकाळी पुसापुशी पूर्ण झाल्यावर बोलवा. विरजणाचं भांडं आणि इडलीचं पीठ तर आजच तिथून हलवा. (वाफेच्या रेडिएटरचा माथा शंभर अंशांच्या आसपास तापतो, त्यावर थेट ठेवलेलं दही तसंही लागत नाही, मरतं. शेजारच्या फळीवर, टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं छान लागतं.) मूल रांगतं असेल आणि पोपडे आधीपासून जमिनीवर पडत असतील तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्यावं. ही इथे नेहमीची तपासणी आहे.

भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी मालकाला विचारा. हा निव्वळ शिष्टाचार नाही. न्यूयॉर्क शहरात १९६० पूर्वीच्या भाड्याच्या इमारतीत लहान मूल राहत असेल तर सुटलेल्या रंगाची दुरुस्ती करून देणं २००४ च्या स्थानिक कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, आणि तीही प्रशिक्षित माणसांकडून. जे काम त्याने करून द्यायचं, ते आपण पदरचे पैसे घालून आणि धूळ खाऊन का करावं? स्वतःच्या घरात मात्र स्वतः काम करायला आडकाठी नाही. म्हणूनच काळजीही स्वतःच घ्यावी लागते.

काम काढायचं ते मे अखेर ते सप्टेंबर या काळात. न्यूयॉर्कमध्ये मालकांना घर गरम ठेवायची सक्ती १ ऑक्टोबर ते ३१ मे अशी असते, तेव्हा त्या दिवसांत सगळ्या इमारतीचा बॉयलर तुमच्या एका रेडिएटरसाठी कोणी बंद ठेवणार नाही. तापलेल्या लोखंडावर रंग लावला तर तो पसरायच्या आधीच सुकतो आणि ब्रशचे ओरखडे तसेच राहतात. ऑगस्टमधले ते दमट, चिकचिकीत दिवसही टाळा. गार बिडाला ओल सुटते, आणि ओलीवर दिलेला रंग पहिल्याच थंडीत फुगतो.

आता रेडिएटर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. एका टोकाला एकच पाइप येत असेल आणि दुसऱ्या टोकाला अर्ध्या उंचीवर बंदुकीच्या गोळीसारखी एक चकचकीत बोंडी असेल, तर तो एका पाइपचा, वाफेचा. ती बोंडी म्हणजे एअर व्हेंट. वाफ आत शिरताना आतली हवा फुसफुसत तिच्यातून बाहेर पडते आणि वाफ पोचली की ती मिटते. आधीच्या रंगाऱ्याने तिच्यावरूनही ब्रश ओढलेला असेल तर हवा कोंडते आणि अर्धा रेडिएटर थंडच राहतो. 'आमच्या बेडरूमचा हीटर चालतच नाही' या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच कारण असतं. व्हेंट फार महाग नसतो. बॉयलर बंद असताना हाताने किंवा पान्याने फिरवून काढा, भोकात कापडाचा बोळा घाला आणि रंगकाम झालं की नवाच बसवा. तो सरळ उभा राहिला पाहिजे, त्याचं तोंड वर.

दोन टोकांना दोन पाइप आणि वरच्या कोपऱ्यात चौकोनी टोकाचा छोटा स्क्रू असेल तर रेडिएटर बहुधा गरम पाण्याचा. तो स्क्रू हवा काढायचा. त्यावर टेप लावा, रंग नको. व्हॉल्व्हची मूठ, तिच्या खालची नट, पाइपच्या सांध्यावरची मोठी षटकोनी नट, जे जे फिरतं किंवा उघडतं ते सगळं टेपखाली गेलं पाहिजे. रंगाने चिकटलेली नट पुढे प्लंबरला उघडावी लागते आणि त्या झटापटीत पाइपला चीर जाते.

व्हॉल्व्हपाशी खालच्या बाजूला तपकिरी ओघळ दिसतोय का बघा. तो असेल तर तिथे गळती आहे, आणि ती आधी थांबवायला हवी. गळतीवर रंग हा उपाय नव्हे. वाफेच्या रेडिएटरचा उतारही आत्ताच तपासून घ्या: माथ्यावर लेव्हल ठेवली तर तो पाइपच्या बाजूला किंचित कललेला हवा, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी परत पाइपातून खाली जातं. उतार उलटा असेल तर पाणी आतच साचतं आणि हिवाळ्यात पहाटे कोणी हातोडा मारतंय असे दणके येतात. व्हेंटकडच्या पायांखाली पातळ पट्ट्या सारल्या की भागतं. तळघरात जुन्या पाइपांना पांढरट, पुठ्ठ्यासारखं किंवा प्लास्टरसारखं वेष्टण दिसलं तर त्याला बोटही लावू नका. ते अॅस्बेस्टॉसचं असू शकतं. तो तज्ज्ञांचा प्रांत आहे.

आता साफसफाई. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून कडा टेपने चिकटवा, मागच्या भिंतीशी एक पुठ्ठा सारा, पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे घाला. रेडिएटरच्या दोन उभ्या खांबांच्या मधली धूळ हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. वर्षानुवर्षं फोडणीची वाफ बसून ती तेलकट झालेली असते, विशेषतः स्वयंपाकघराजवळच्या रेडिएटरवर. बाटली धुवायचा लांब ब्रश घ्या, कोमट पाण्यात डिटर्जंट किंवा रंगकामाआधी वापरायचा क्लीनर घाला, वरून खाली घासा आणि मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. साबण राहिला तर रंग धरत नाही. शिशाचा संशय असेल तिथे घरातला नेहमीचा व्हॅक्यूम वापरू नका. बारीक धूळ त्याच्या पिशवीतून आरपार जाते आणि घरभर पसरते. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम भाड्याने मिळतो. चेहऱ्यावर कागदी मास्क नको, घट्ट बसणारा रबरी मास्क हवा, त्याला पी-१०० फिल्टर. ते बहुधा गुलाबी-जांभळे असतात.

सुटलेले पोपडे काढताना फवाऱ्याने पाणी मारत राहायचं. भिजवा, पत्र्याच्या पट्टीने हलकेच उचला, फडक्यात टिपा, पुन्हा भिजवा. पट्टी जोर न लावता जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच जाऊ द्या. ती अडली की तिथे घट्ट रंगाची हद्द सुरू झाली. त्या कडेला खाच राहते, ती पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून हाताने घासून उतरती करा. बाकीच्या चकचकीत भागावरही हाच ओला पेपर नुसता फिरवायचा, चकाकी मोडण्यापुरता. चिखल झाला की टिपून पिशवीत. दिवसाच्या शेवटी प्लास्टिक आतल्या बाजूला दुमडत गुंडाळा, दोन पिशव्यांत बांधा, जमीन ओल्या फडक्याने पुसा आणि अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात न टाकता वेगळे धुवा.

रंगाच्या जाड थरांनी सगळी नक्षी बुजून गेली असेल आणि ती उघडी करायचीच असेल, तर ते काम घरात करू नये. रेडिएटर सोडवून बाहेर द्यावा. तिथे तो ब्लास्टिंगने साफ होतो आणि हवं तर पावडर कोटिंग होऊन येतो. पण त्याची भट्टी २०० अंश सेल्सिअसच्या आसपासची, तेव्हा सांध्यांत रबरी वॉशर आहेत का ते आधी विचारा, आणि परत आल्यावर दाबाची चाचणी करूनच बसवा. मुख्य अडचण वजनाची. बिडाचा मध्यम रेडिएटर शंभर किलोच्या पुढे सहज जातो, आणि शंभर वर्षांची नट हलवायला प्लंबरही का-कू करतो. म्हणून बहुतेक घरांसाठी माझा सल्ला एकच: जागेवरच रंगवा, नक्षी थोडी बुजलेली राहिली तर राहू द्या.

घासून-पुसून झालेला रेडिएटर कोरडा झाला की उघड्या पडलेल्या लोखंडावर लगेच, त्याच दिवशी, प्राइमर. बीड हवेतली ओल इतक्या चटकन धरतं, की रात्रभर सोडलं तर सकाळी केशरी झाक दिसते. आपल्याकडे खिडकीच्या गजांना रेड ऑक्साइड लावतात तोच विचार इथे. फक्त इथल्या दुकानात गंजरोधक मेटल प्राइमर मागायचा, तेलाचा असला तर उत्तम. पाण्याचा साधा, भिंतीचा प्राइमर उघड्या लोखंडावर दिला तर त्यातल्या पाण्यानेच गंज चढतो आणि डाग वर येतात.

आता रंग कोणता? शेगडीचा किंवा बार्बेक्यूचा 'हाय हीट' रंग लागत नाही. वाफेचा रेडिएटर शंभर अंशांच्या थोडा पुढे, पाण्याचा साधारण साठ ते ऐंशी अंश सेल्सिअस. धातूवर चालणारा चांगला इनॅमल हे सोसतो. डब्यावर किती तापमानापर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं, वाचून घ्या. पांढरा हवा असेल तर मात्र तेलाचा घेऊ नका. उष्णतेने तो दोन-तीन हिवाळ्यांत लोण्याचा रंग धरतो. पाण्याचा, रेडिएटरसाठीचा इनॅमल पांढरा राहतो. गडद रंगात हा प्रश्न येत नाही.

आणि ती चंदेरी? तिच्यामागे थोडं पदार्थविज्ञान आहे. अॅल्युमिनियमची पूड घातलेला रंग उष्णतेचे किरण कमी बाहेर टाकतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने १९३० च्या दशकातच लोकांना हे सांगितलं होतं, आणि त्यातला गमतीचा भाग असा, की फरक पडतो तो फक्त सगळ्यात वरच्या थराने. खाली चंदेरीचे चार थर असले आणि वर एक साधा रंग दिला, की रेडिएटर पुन्हा साध्या रंगासारखा वागतो. काळा की पांढरा याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. तो डोळ्यांना दिसणारा फरक आहे, उष्णतेच्या किरणांना दोन्ही सारखेच. चंदेरीने एकूण नुकसानही अफाट होत नाही, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. कारण बिडाच्या रेडिएटरची बरीचशी ऊब खांबांमधून वर चढणाऱ्या हवेबरोबर येते. पण ज्या खोलीत मुळातच गारठा असतो तिथे ते दहा टक्के जाणवतात. उलट, खोली नको इतकी तापत असेल तर चंदेरी ठेवा की! रेडिएटरवर बसवायची ती पत्र्याची किंवा लाकडाची पेटी रंगापेक्षा जास्त ऊब अडवते, हेही लक्षात असू द्या.

सोनेरीचा मोह होतो तो समजण्यासारखा आहे. मॅनहॅटनमध्ये ब्रायंट पार्कसमोर अमेरिकन रेडिएटर कंपनीची १९२४ ची इमारत आहे, वास्तुकार रेमंड हूडने काढलेली, काळी वीट आणि माथ्यावर सोनं. ते बघून घरी आलं की वाटतं, आपलाही असाच करावा. मग सगळा काळा करा आणि वेलबुट्टीच्या उठावावर बोटाने सोनेरी मेण फिरवा. ऊब जात नाही, आणि देव्हाऱ्याशेजारी शोभतोही.

लावायची पद्धत अशी. आधी आतून, मग बाहेरून. खांबांच्या मध्ये नेहमीचा ब्रश जात नाही. लांब दांड्याचा, मान वाकडी असलेला रेडिएटर ब्रश मिळतो, तो घ्या. तोही पोचत नाही तिथे हातात रबरी मोजा, त्यावर जुना सुती पायमोजा, तो रंगात बुडवून निथळवा आणि खांब मुठीत धरून वरून खाली ओढा. हसू येतं, पण कुठल्याही ब्रशपेक्षा चोख काम होतं. मागची बाजू बघायला जमिनीवर एक छोटा आरसा ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. न लागलेली जागा लगेच दिसते. रंग डब्यात असतो त्याहून पातळ करू नका, पण ब्रशवर थोडाच घ्या. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. प्रत्येक खांब झाला की त्याच्या खालच्या वळणावर नजर टाका, ओघळ जमतो तो तिथेच, आणि ओला आहे तोवर कोरड्या ब्रशने उचलता येतो. दुसरा हात पहिला पूर्ण सुकल्यावर. डब्यावर चार तास लिहिले असले तरी मी रात्र जाऊ देईन. स्प्रेचे डबे दिसायला सोपे, पण बैठकीच्या खोलीत फवारा पडद्यांपासून गणपतीच्या फोटोपर्यंत सगळीकडे बसतो, आणि गॅसची शेगडी किंवा बॉयलरची ज्योत जवळ असेल तर तो धोकाच आहे. अंगणात नेता येणाऱ्या छोट्या रेडिएटरसाठी ते ठीक.

इंग्लंडमध्ये, लंडनच्या हॅरो-वेम्बलीकडे किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथे जुने रेडिएटर बहुतेक गरम पाण्याचे, त्यामुळे थर्मोस्टॅटची गोल मूठ आणि हवा काढायचा स्क्रू एवढंच झाकायचं. शिशाचा रंग तिथे १९६० च्या दशकापासून मागे पडला, पण पूर्ण बंदी १९९२ ला आली. तेव्हा चाचणी तिथेही करायचीच. भंगारबाजारातून किंवा मोडलेल्या शाळेतून आणलेला रेडिएटर हौसेने रंगवण्याआधी दाबाखाली तपासून घ्या. गळका निघाला तर रंगाचा खर्च वाया.

शेवटचा हात दिल्यावर टेप लगेच, रंग जरा ओला असतानाच, तिरकी ओढून काढा. नवा व्हेंट बसवा. रंग हाताला कोरडा लागतो तो काही तासांत, पण पक्का व्हायला आठवडाभर तरी द्या. तोवर वर कुंडी, टॉवेल, काही नको. ऑक्टोबरात पहिल्यांदा वाफ येईल तेव्हा रंगाचा वास सुटेल. त्या दिवशी खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना दुसऱ्या खोलीत झोपवा. वास दोन-तीन वेळा तापल्यावर जातो. उरलेला रंग झाकणाच्या बरणीत भरा, वर कंपनी आणि छटेचा नंबर लिहा. व्हॉल्व्हजवळ आणि माथ्यावर, जिथे ओले मोजे पडतात, तिथे वर्षा-दोन वर्षांत टवका उडेलच, आणि तेवढ्यापुरता छोटा ब्रश पुन्हा लागेल.